माझ्या वतीने कोण बोललं?

आधीच सांगतो, खाली कोणी 'हालेलुया' लिहू नका, आणि 'अंधश्रद्धा' पण लिहू नका. मी नाशिकच्या ख्रिस्ती घरात वाढलो, पण विशीतच चर्च सोडलं. निफाडला माती तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करतो. रिपोर्टवर येतं तेवढंच खरं मानतो...

पप्पांशी मी चार वर्षं बोलत नव्हतो. माझी बायको मेधा हिंदू, म्हणून ते आमच्या लग्नाला आलेच नाहीत.

गेल्या थंडीत मावशीचा फोन आला — पप्पांच्या हार्टचं ऑपरेशन आहे, ये. मी नाशिकला शरणपूर भागातल्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. बाहेर पप्पांच्या चर्चचे पाळकसाहेब सगळ्यांना हात धरून प्रार्थनेला उभं करत होते. मी नाही म्हणालो. ते शांतपणे समजावायला लागले, की आपण पापी माणसं, देवासमोर आपल्या जोरावर उभे राहू शकत नाही. प्रभू येशू आपला मध्यस्थ, आपलं म्हणणं तो देवबापापुढे मांडतो.

माझं डोकं फिरलं. "मला काय बोलायचंय ते मी बोलेन," म्हटलं. "मध्ये कोणी नको."

आणि सरळ गच्चीवर गेलो. दुपारचे बारा वाजले असतील. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या हिरव्या चादरी, बाकी चिटपाखरू नाही. मी वर बघून मोठ्याने बोललो, "लग्नात हार घातल्यावरसुद्धा मी गेटकडे बघत होतो, पप्पा येतील म्हणून. हे मी मेधालाही सांगितलेलं नाही. आता तू त्यांना वाचव. मी त्यांना..."

पुढे 'माफ करतो' म्हणायचं होतं. नाही म्हणालो. जीभच वळेना. कोणाचं नाव घेतलं नाही, आमेनसुद्धा नाही. खाली आलो.

तिसऱ्या दिवशी पप्पा बोलायला लागले. मावशी शेजारी होती. माझ्याकडे बघून ते हळूच म्हणाले, "हार घातल्यावरसुद्धा गेटकडे बघत होतास?"

तुम्हाला कोणी सांगितलं, विचारलं. चेहरा दिसला नाही म्हणाले, पण ऑपरेशन चालू असताना कोणीतरी बोलत होतं. "तुझ्या वतीने बोलत होता. म्हणाला, सुधीरने माफ केलंय."

"मी तसं म्हणालो नव्हतो." आवाज चढलाच माझा.

"माहितीये," पप्पा म्हणाले. "तू अर्ध्यावर थांबलास, तेही त्याने सांगितलं."

मग ते रडले. म्हणाले, सुनेला घेऊन ये.

भुलीच्या डॉक्टरांना मी गाठलं. भुलीत कधीकधी खोलीतलं बोलणं कानावर पडतं, म्हणाले. पण गच्ची दोन मजले वर होती! आणि मावशी, पाळकसाहेब, सगळे तेव्हा खालीच होते.

पाळकसाहेबांनी विचारलं, आता तरी मानतोस? नाही मानत. उलट राग आहे माझा. माझ्या वतीने बोलायचा अधिकार मी कोणालाच दिला नव्हता.

पण पप्पा आता दर रविवारी चर्च सुटलं की निफाडला जेवायला येतात, मेधा त्यांना आग्रहाने वाढते, आणि मीही त्यांच्याशी बोलतो. जो शब्द मी दिलाच नव्हता, तो पाळतोय. कोणी दिला, ते मला आजही माहीत नाही.