अप्पांच्या टँकमधल्या गोगलगाई

"पुडी खाली ठेवा अप्पा," मी म्हणाले आणि टँकच्या झाकणावर सरळ हात ठेवला.

उदगीरच्या आपल्या अडत दुकानात अप्पांनी हौसेनं खाऱ्या पाण्याचा टँक बसवून घेतलाय. त्यात क्लाउनफिशची जोडी आणि थोडं कोरल. मी फिशरीज शिकलेली, लातूरच्या ॲक्वेरियम शॉपमध्ये मेंटेनन्स बघते. त्या दिवशी काचेवर, खडकावर बारक्या गोगलगाई फिरत होत्या. अप्पांच्या हातात सोयाबीनमध्ये टाकतात त्या गोगलगाय मारायच्या गोळ्यांची पुडी.

"माझं सोयाबीन कोवळं असतानाच फस्त केलं ह्यांनी. आता हितंबी आल्या! गोगलगाय अन् पोटात पाय. हो बाजूला, पोरी."

"न्हाई होत."

माझं डोकंच फिरलं होतं. "गोळ्यांनी ह्या मरतील, खडकाच्या फटीत सडतील. पाण्यात अमोनिया चढला की मासे उलटे!"

"पर आल्या कुठून ह्या?"

"लाइव्ह रॉकमधून." पाणी साफ राहावं म्हणून टँकमध्ये समुद्रातला भोकाभोकांचा खडक ठेवतात. त्यात लपून बारीक जीव येतात. आमच्या धंद्यात त्यांना हिचहायकर म्हणतात. बिनतिकिटाचे प्रवासी.

अप्पांनी माझ्या मालकांना फोन लावला, स्पीकरवर.

"अगं, कस्टमर म्हणतोय तर टाकू दे ना," सर म्हणाले.

"सर, ओळख पटल्याशिवाय मी एकही मारू देणार नाही. पटत नसेल तर दुसरा माणूस पाठवा. अन् मेलेले मासे काढायलाही त्यालाच सांगा."

सरांनी फोन ठेवला. हमाल पोती सोडून बघायला लागले.

"अप्पा, नमुना न बघता माल नापास करता का तुम्ही?"

"छ्या! मूठभर तरी हातात घेतोच की."

"मग मलाबी घेऊ द्या."

अप्पांनी पुडी गल्ल्यावर ठेवली. मी चिमट्यात एक गोगलगाय धरून भिंगाखाली घेतली. शंख कानासारखा चपटा, अंग त्यात मावत नव्हतं. मांस खाणाऱ्या बहुतेक गोगलगाईंना वास घ्यायला पुढे सोंडेसारखी नळी असते. हिला नव्हती. चिमटा जरा दाबला तर शेपटीचा तुकडा टाकून पठ्ठी सटकली.

"स्टोमाटेला! शेवाळ खाते ही."

"कशावरून? ती दुसरी तर कोरलवर बसून राहिलीय!"

"बसलीय, पण कुरतडलंय का कुठं? आता काच बघा."

तपकिरी शेवाळावर त्या जिथून गेल्या होत्या, तिथं लख्ख पट्टे उमटले होते. अप्पा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी शेतात चोर, अन् हितं झाडूवाल्या?"

"जात वेगळी, अप्पा."

"हाव," म्हणाले, आणि चहा सांगितला.

लातूरला परतल्यावर सर म्हणाले, "कस्टमरशी असं बोलतात?"

"मासे मेले असते तर कस्टमर तुमच्याशी कसा बोलला असता, सर?"

टँक मजेत आहे. गोगलगाई लई वाढल्यात, काच घासायचं माझं काम अर्ध्यावर आलंय. मालक आणि गिऱ्हाईक दोघं एकदम चुकत असले, तर आपण आवाज चढवावा. मासे काही बोलायचे नाहीत.