कन्हानची काळी किनार

सुभद्रा एका जागी निवांत बसलेली खाप्याच्या ढिवरपुऱ्यात, म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यात, कुणी पाहिली नव्हती. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा. जाळं विणायची तेही अंगणात फेऱ्या मारत. तिचा नवरा शालिकराम चारचौघांत सांगायचा, "हिले पाटावर बसोलं तं पाटच चालाले लागते गा!"

हे वेड बापाचं. धोंडबाला मुलगा नव्हता, म्हणून तो या पोरीलाच सोबत घेऊन नदीत हिंडायचा. दिवाळीनंतर कन्हान आटली, की पलीकडच्या काठाशी गुडघाभर धार उरते, बाकी सगळी रेती. त्या रेतीत ढिवरपुऱ्यातली वीस घरं डांगरवाडी लावायची. ओल लागेपर्यंत खड्डा खणायचा, तळाशी शेणखत घालायचं, चार बिया टाकायच्या, वाऱ्याच्या बाजूनं गवताचा कुड उभा करायचा. होळीच्या सुमाराला वेलांखाली टरबुजं लोळू लागतात आणि डांगरांचा, म्हणजे खरबुजांचा, वास काठावरच्या देवळापर्यंत जातो. ही रेती कुणाच्या नावावर नाही. मोहल्ल्याचा मुखिया दरसाल दोर टाकून ती घराघराला वाटून देतो. ज्याला दोर नाही, त्यानं उन्हाळाभर दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करायची.

सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीला भ्यायचा. फाल्गुनातलं पाणी. खाप्यात लख्ख ऊन, आणि तिकडे वर छिंदवाड्याच्या डोंगरात अवकाळी पाऊस झालेला. इकडे कळणार कसं?

धोंडबाला कळायचं. डोंगरातली माणसं मोहफुलं वेचायच्या आधी झाडांखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात. पाऊस झाला की ती जळकी पानं पाण्याच्या पुढं पळतात. काठच्या ओल्या रेतीवर त्यांची दोऱ्याएवढी काळी किनार उमटते. धोंडबा पोरीला उकिडवं बसवून दाखवायचा. "पाह्य सुभे. नदी सांगावा धाडते. सकाळी किनार दिसली, तं ढोरं घरी याच्या आत पानी. तोडाचं ते तोडून घेजो."

बाप गेला, आणि काठावर पहाटे फेरी मारायचं काम कुणी न सांगता सुभद्रानं उचललं.

मग आलं शहात्तर साल. होळी होऊन तीन दिवस झालेले. सुभद्राला पहाटे किनार दिसली, आणि ती ओरडत मोहल्लाभर पळाली, "पानी येऊन राहिलं! तोडा!" धोंडबाची पोरगी सांगते म्हटल्यावर वीसही घरं रेतीत उतरली. कच्ची, अर्धकच्ची, हाती लागतील ती टरबुजं काठावर ओढली. दुपार झाली. ढोरं घरी आली. दुसरा दिवस उजाडला. नदी आपली घोट्याएवढी. आणि बाजाराच्या दिवशी वरच्या गावचा एक माणूस हसत सांगून गेला, "आम्ही होळीची राख नदीत लोटली होती ना बापा!"

टरबूज तोडल्यावर पिकत नाही. सगळा माल ढोरांनी खाल्ला.

तेव्हापासून तिचं नाव पडलं होळीवाली. विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. शालिकरामलाही लोक सोडत नव्हते. "काहून गा शालिक, आज धोतर वर खोसून राहिला? बायकोनं पानी सांगतलं का?" आणि मुखिया कवडू, धोंडबाचा चुलतभाऊ, त्यानं चार लोकांत बोट उगारून बजावलं होतं, "सुभद्रा, हे एक बार झालं. आता अखीन असं झालं, तं तुह्या घराले दोर नाही. धोंडबाची पोरगी असो का कोनाचीही."

आणि आता सत्त्याहत्तर. होळीला चार दिवस झालेले. नागपूरच्या व्यापाऱ्याचा ट्रक आणखी चार दिवसांनी यायचा होता. सुभद्रा भांड्यांची टोपली कमरेला लावून नदीवर उतरली, आणि तिच्या पायाशी रेतीवर काळी किनार.

ती मागं सरली. इकडे तिकडे पाहिलं. वीसेक पावलं वर गेली, तिथंही किनार. खाली गेली, तिथंही. आभाळ पाहिलं. ढगाचा तुकडा नाही. बगळे पाण्यात तसेच उभे. ओरडावं तर दोर जातो, न ओरडावं तर वीस घरांची वाडी जाते.

कुडाची गवतं नीट करत शालिकराम जवळच होता. बायकोच्या येरझाऱ्या बघून तो हातातलं गवत टाकून आला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही तं अशी काहून फिरून राहिली?"

तिनं बोटानं दाखवलं. शालिकराम वाकला, आणि वाकल्या वाकल्याच त्यानं हात जोडले.

"हात जोडतो तुले, सुभद्रा. बोलू नको. होळीचीच असन."

"अन् नसन तं?"

"नसन तं सगळ्याइचं जाईन. आपल्या एकट्याचं नाही. दोर गेला तं आपल्या एकट्याचा जाते!"

त्याचं खोटं नव्हतं. सुभद्रा भांडी घेऊन बसली. म्हणजे बसली कुठं, उकिडवी राहिली. मन थाऱ्यावर नाही, हाताला चाळा हवा. पाणी भरायचा पितळेचा गुंड पुढं ओढला, राख आणायची राहून गेली होती, म्हणून काठावरची ती काळी किनारच निपटून मुठीत घेतली आणि लागली खसाखसा घासायला.

घासते, घासते, आणि गुंड काळा होत चाललाय.

तिचा हात थांबला. मूठ उघडून पाहिली. काळे, कागदासारखे पातळ तुकडे. एकाएका तुकड्यावर पानाच्या शिरा जशाच्या तशा. चोळले की नुसती काजळी. राखेचा तो सुळसुळीतपणा नावाला नाही.

ती ताडकन उठली. गुंड काखेत मारला आणि मोहल्ल्यातल्या होळीच्या जागेवर जाऊन मूठभर राख घेतली. गुंडाच्या दुसऱ्या अंगाला ती चोळत चोळतच कवडूच्या अंगणात शिरली.

कवडू खाटेवर दात कोरत बसला होता. त्याची बायको बायजाबाई चुलीपाशी.

"काकाजी, हा गुंड पाहा."

"कल्हई करून पाह्यजे का?"

"पितळेले बाहेरून कोन कल्हई करते? हे बाजू नदीच्या किनारीनं घासली, हे होळीच्या राखीनं."

कवडूनं 'किनार' हा शब्द ऐकला मात्र, दातकाडी फेकली. "आली! आली होळीवाली! अगा शालिक, कुठं गेला रे हिचा नवरा? सालभर झालं नाही, अन् हिले पुन्हा पानी लागलं!"

मागून धापा टाकत शालिकराम आला, तो दाराशीच खांबाला टेकून उभा राहिला. आजूबाजूची माणसं जमली. कुणी हसलं. सुभद्रानं गुंड सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हसा. पन आधी आयका. होळीत काय जाळते? लाकूड अन् गोवऱ्या. त्याची राख भांडं घासते. हे घासत नाही, काळं करते. हे पानं हायेत, जंगलातले. वर पाऊस पडला."

"होळीत कोयसा नसते का? राख पान्यात गेली, कोयसा राह्यला. झालं! भांड्यावरून नदी पाहाची का आता?"

बापानं एवढं काही शिकवलं नव्हतं. बापानं कधी भांडंच घासलं नव्हतं. ती अंगणात एक फेरी मारून आली आणि एकदम बायजाबाईसमोर उभी राहिली.

"काकू, मागच्या साली मी चुकली. तवा काठावर जे लागलं होतं, ते तुम्ही काय केलं होतं?"

"मी? मी काय करीन वं?"

"आठवा ना. टोपलंभर भरून आनलं होतं. तुम्ही, शेजारच्या प्रेमिलानं, सगळ्याइनंच."

बायजाबाई हाताचं पीठ पदराला पुसत उठली. "होय वं माय! महिनाभर पुरलं. काय भांडे निघत होते! तोंड पाहून घ्या." तिनं सुभद्राच्या मुठीतले काळे तुकडे घेतले, गुंडावर चोळले, नखानं खरवडले, वास घेतला. "हे ते नाही."

"तू मधात बोलू नको," कवडू म्हणाला.

"काहून नाही बोलू? चाळीस साल झाले तुमचे भांडे घासून राहिली. राख कोनाले जास्त समजते, मले का तुम्हाले? राख पान्यात वाहून आली तरी राखच राह्यते. मागच्या साली आली होती, तिनं भांडे घासले. हे पानाची काजळी हाये. प्रेमिला वं! टोपलं काढ!"

आणि पुरुषांची पंचायत बसली असतानाच बायका नदीत उतरल्या. पोलक्यांच्या बाह्या वर सारलेल्या, लुगड्याचे ओचे खोवलेले. कवडू काठावरून ओरडला, तोही शेवटी अर्ध्यावर आला. "बरं! डांगरं तोडा. ते गवतात घालून पिकतात. टरबुजाले हात लावाचा नाही. अन् सुभद्रा, ढोरं घरी आले अन् पानी नाही आलं, तं मंग मले काही सांगजो नको."

"नाही सांगत."

तरी तिनं टरबुजंही तोडली, आपल्या वाडीतली. देठाजवळचा वेलीचा ताणा वाळलेला तेवढीच पक्की, हेही बापाचंच. दोन-चार घरांनी तिचं बघून तोडली. कवडूची वाडी धारेला लागून, सगळ्यात खाली. तिथली ऐन रसाळ टरबुजं तशीच पडून राहिली.

ऊन डोक्यावर आलं. नदी तशीच.

ऊन कललं. नदी तशीच.

बायका काठावर डांगरांच्या ढिगाला टेकून बसल्या. प्रेमिलानं एकदा सुभद्राकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. शालिकराम रेतीत काडीनं रेघा ओढत होता. सुभद्रा वर जायची वळणापर्यंत, परत यायची, पुन्हा जायची. पानावरच्या शिरा खऱ्या होत्या ना? की आपल्यालाच हव्या होत्या म्हणून दिसल्या? पाऊस डोंगरातच जिरला असेल तर? बाप असता तर काय बोलला असता? बाप काही बोलला नसता, चिलीम भरली असती.

गावाबाहेरच्या वाटेवर ढोरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायला लागल्या. कवडू उठला, धोतर झटकलं.

"चाला. झाला तमाशा."

"काकाजी," शालिकराम खालच्या आवाजात म्हणाला, "बगळे कुठं गेले?"

धारेत सकाळपासून उभे असलेले बगळे नव्हते. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. धारेचा रंग चहासारखा झाला होता. कुठं गर्जना नाही, लोट नाही. पाणी आलं ते चोरपावलांनी. एक खड्डा भरला, मग शेजारचा, मग कुड हळूच आडवा झाला, जसा दमलेला माणूस आडवा होतो. आणि मग बघता बघता गुडघाभर, कमरेभर.

"माहे टरबूजं!" कवडू काठावरून धावला.

टरबुजं बुडत नाहीत. वेलीपासून सुटली की बदकांसारखी रांगेनं तरंगत निघाली, थेट कामठीच्या दिशेनं. कवडू कमरेभर पाण्यात, एक धरतो तर दुसरं निसटतं. बायजाबाई काठावरून ओरडतेय, "अवं बापा, वाहून जाईन माहा माणूस! सोडा ते! कामठीवाले खातीन, पुन्य लागन!"

"जाळं!" सुभद्रा ओरडली. "अगा ढिवर हाये का कोन हायेत तुम्ही? जाळे आना!"

मग जी धांदल उडाली. मासळीची जाळी आली, डोंगे आले. शालिकरामनं डोंग्यात उभं राहून जाळं फेकलं आणि एका फेकीत सात टरबुजं ओढली. काठावरून आरोळी उठली. आयुष्यात एवढं मोठं मासोळं त्याला कधी लागलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत वीस घरांनी मिळून टरबुजांची मासेमारी केली. निम्मी गेली, निम्मी राहिली. खालच्या वाड्यांवर आता नुसतं गढूळ पाणी होतं.

कच्ची निघाली त्यांची भाजी आठ दिवस घरोघर शिजली. व्यापाऱ्याचा ट्रक डांगरं भरून गेला. सुभद्राला कुणी येऊन शाबास वगैरे म्हटलं नाही. फक्त विहिरीवर तिला आधी पाणी भरू देऊ लागले, आणि कवडू एकदा दोन बोटांत काळा तुकडा धरून आला. "मले दाखव ना वं, शिर कुठं दिसते ते." तिनं उन्हात धरून दाखवलं. त्याला दिसलं की नाही कोण जाणे, पण त्यानं मान हलवली.

दिवाळीनंतर पुन्हा रेती उघडी पडली. कवडू दोर घेऊन उतरला, मागून वीस घरं. त्यानं पहिला दोर काठाजवळच्या उंच तुकड्यावर धरला, जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं.

"हा सुभद्राचा."

शालिकरामचा चेहरा उजळला. त्यानं खुंटी ठोकायला दगड उचललासुद्धा.

"मले तो नाही पाह्यजे," सुभद्रा म्हणाली. "धारेजवळचा द्या."

"येडी झाली का वं?" शालिकराम ओरडला. "तो सगळ्यात आधी जाते!"

"म्हनूनच. इतक्या वरून मले रोज पहाटी उतरा लागते. तिथं कुडाआडच झोपलं तं उठल्या उठल्या किनार दिसन."

"अन् वाडी गेली तं?"

"गेली तं जाईन. पन बाकीच्याइची नाही जानार."

कवडूनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "ठरवा लवकर. एकोणीस घरं उभे हायेत."

शालिकरामनं दगड खाली टाकला. सुभद्रा तोवर धारेकाठी पोचलीही होती, आणि कोपरभर रेती उपसून ओल कुठं लागते ते पाहत होती.