शेजारची शमी

सावेडीत आमच्या शेजारच्या बंगल्यात एक काका एकटेच राहतात. मूळचे कर्जतकडचे. गावच्या माळावरून आणलेलं शमीचं रोप त्यांनी फाटकाशी लावलं होतं. रोज सकाळी चष्मा लावून ते त्याची नवी पालवी न्याहाळत बसायचे. "ह्याला पानी लई नको, फकस्त कुनी ओरबाडू नये," असं सांगायचे. पण दर शनिवारी शनीला वाहायला पानं हवीत म्हणून सगळी कॉलनी त्यांच्याकडे यायची. काका स्वतः फाटक उघडून प्रत्येकाला म्हणायचे, "हळू, काटा लागंल." लोक फांद्या वाकवून पानं तोडत आणि घाईनं निघून जात.

झाड बोडकं होत चाललं, तेव्हा मी म्हणाले, "काका, आता लोकांना नाही म्हणा ना."

"मंग ताई, माज्याकडं येईल कोन?"

यंदा ते झाड वाळलं आणि लोकांचं येणं थांबलं. मला राहवेना. परवा मी नुसत्या गप्पा मारायला म्हणून गेले. काकांनी फाटक जरासं उघडलं. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "पानं न्हाईत ओ आता," आणि आतून कडी लावून घेतली.