धवळ्यांचं आउटवर्ड

भिवंडीजवळ राहनाळच्या एका गोदामात मी इनवर्ड-आउटवर्डचं काम करते. ट्रक आला की माल आत, तो इनवर्ड. ट्रक भरून गेला की माल बाहेर, तो आउटवर्ड. बाहेर गेलेला माल पुन्हा आतच दिसला तर ती चूक असते नाहीतर चोरी, तिसरं काही नसतं. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे माझं डोकंही तसंच चालतं. म्हणून माझ्या पोरीच्या हळदीच्या आधी धाकट्या भावाने फोनवर जे सांगितलं, ते माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

आमची आई धवलारीण. लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवळे गाणारी बाई. आमच्याकडे ती गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. शेलार गावाच्या आसपासच्या किती मुली तिच्या आवाजात सासरी गेल्या असतील, देव जाणे. गेल्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय बरेचसे परत आले, वाचा मात्र आली नाही. नुसता हुंकार राहिला. मी तिला माझ्याकडे घेऊन आले. पोरीचं लग्न ठरलं तेव्हा तिने दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. हळदीला आजीचाच आवाज हवा, म्हणाली. दुसरी धवलारीण सांगू म्हटलं तर गाल फुगवून बसली.

आवाज होता, पण कॉम्प्युटरमध्ये. भाऊ बोटीवर नोकरीला आहे. सुट्टीवर आला की तो आईच्या मागे मागे लग्नांना जाऊन तिचे धवळे रेकॉर्ड करायचा. जुन्या कॅसेटीही त्याने उतरवून घेतल्या होत्या. मग ते सगळं गाठोड्यासारखं एका फाईलमध्ये बांधून स्वारी बोटीवर निघून गेली. त्याचा तो जुना कॉम्प्युटर आमच्याकडे कपड्यांच्या कपाटाशेजारी धूळ खात पडला होता. त्याचं सगळंच वेगळं. काळा पडदा उघडायचा आणि त्यावर हुकूम लिहायचा. माउसने टिचकी मारून काम होईल तर शपथ.

रविवारी दुपारी बोट कुठल्यातरी बंदराला लागली आणि भावाला रेंज मिळाली. फोन स्पीकरवर ठेवला. आई पलंगावर, पोरगी माझ्या मागे उभी.

"ताय, आधी टार लिव. मंग जागा सोड. मंग आडवी रेघ, एक्स, व्ही, एफ. मंग फाईलचं नाव."

"एक्स कशाला?"

"एक्स म्हंजे बाहेर काढायचं."

मी हात मागे घेतला. "बाहेर काढलं तं आत काय ऱ्हाईल?"

"सगला. जसाच्या तसा."

"मंग बाहेर काय येईल?"

"सगला."

मला वाटलं रेंज गेली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. म्हटलं, अरे, माल एक आणि दोन ठिकाणी कसा असेल? आणि काढता काढता लाईट गेली तर? भिवंडीची लाईट ती, तिचा काय भरवसा. अर्धे धवळे बाहेर, अर्धे आत, आणि मधलेच कुठेतरी लटकलेले. आईकडे आता दुसरा आवाज नाही. हा गेला तर कुठून आणायचा? मला खरंच भीती वाटत होती, आणि ह्याला हसू येत होतं.

"ताय, तुजा गोडाऊन न्हाय तो. लिव तू."

लिहिलं. बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ मी दोनदा लावून पाहिला, तरी तोच निघाला: रिकामं गाठोडं बांधायला हा भित्रेपणाने नकार देत आहे. आता भित्रा कोण, मी की तो? आणि बांधायला कोणी सांगितलं होतं? मी तर सोडायला बसले होते. भावाला वाचून दाखवलं.

"ताय," तो हळूच म्हणाला, "आधी हात बाजूला घे."

कीबोर्डवर एक्सच्या शेजारी सी असतो. माझं बोट सीवर पडलं होतं. सी म्हणजे नवं गाठोडं बांध. फाईलच्या नावापुढे आणखी एखाद्या फाईलचं नाव लिहिलं असतं, तर त्याने ती जुन्या गाठोड्याच्या जागी बांधून टाकली असती आणि आईचा आवाज पुसला गेला असता. बांधायला काहीच दिलं नव्हतं म्हणून तो घाबरला, आणि तो घाबरला म्हणून आम्ही वाचलो. पोरीने माझ्या खांद्यावरून वाकून पुढचं एकेक अक्षर तपासलं, मगच मी बटण दाबलं.

नावांच्या ओळी भराभर खाली पळाल्या आणि थांबल्या. ना घंटी, ना शाबासकी.

"झाला," भाऊ म्हणाला.

"कुठं हाय पन?"

"तू जिथं उभी हायस तिथंच."

"मी खुर्चीवर बसलीय रे."

ती जागा म्हणजे एक फोल्डर होता हे कळायला बराच वेळ गेला. पोरीला तो सापडला. धवळे त्यात होते, आणि गाठोडंही तिथेच, जसंच्या तसं. माझा विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा तोच हुकूम दिला. पुन्हा तेवढेच धवळे. दोनदा आउटवर्ड, माल एकदाच, स्टॉक पूर्ण. गोदामात असा हिशेब दाखवला असता तर मला घरी बसवलं असतं.

एकेक लावून बघितले. आईचा तो जुना, भरदार आवाज खोलीभर झाला. आई डोळे मिटून ऐकत होती. पोरगी आधी खुलली, मग हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"यात माझं नाव कुठेच नाही."

असणार कसं? धवळ्यात नवरीचं नाव घालून गातात, आणि प्रत्येक धवळ्यात दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. इतका जीव टांगणीला लावून काढलं ते सगळं लोकांच्या मुलींचं. मला त्या कॉम्प्युटरचा, भावाचा, स्वतःचाही राग आला. फक्त एका खरखरत्या धवळ्यात माझं नाव निघालं. माझ्या लग्नातली कॅसेट. गायला ठरलेली दुसरी धवलारीण ऐनवेळी आजारी पडली म्हणून आईच गायली होती.

संध्याकाळी जाऊबाई आल्या, त्यांनी तोड काढली. म्हणाल्या, "हाच लावू. नावाची जागा आली का सगल्या मिलून पोरीचं नाव घेऊ, मोठ्यानं. खालचं तुजं नाव दबून जाईल."

हळदीला तसंच केलं. पोरगी पाटावर बसली, स्पीकरमधून आई गाऊ लागली, आणि नावाची जागा आली की मांडवातल्या साऱ्या बायका पोरीचं नाव एकदम मोठ्याने घ्यायच्या. माझं नाव खरंच ऐकू येत नव्हतं. आई खुर्चीत बसली होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी मी हळदीचं ताट घेऊन तिच्यासमोरून जात होते, तेव्हा तिचे ओठ हलताना दिसले. वाकून कान नेला. बायका पोरीचं नाव घेत होत्या. आई माझं घेत होती. अर्धं तुटलेलं, पण माझंच, वर्षभरात पहिल्यांदा. तिला वाटलं असेल माझंच लग्न आहे, की मला हाक मारायची असेल, काही कळेना. मी ताट खाली ठेवलं आणि ओ दिली.