पहिल्या मानकऱ्याची जागा

आमच्या देवाला इतिहास नाही, हे माझ्या दिराला फौजेत असताना कळलं. कुणीतरी विचारलं असणार, तुमचा देव कोण, कुठला, त्याचा पहिला भक्त कोण, आणि ह्याला काही सांगता आलं नसणार. पलटणीत ज्याच्या त्याच्या देवाला डोंगर होता, पायऱ्या होत्या, जत्रा होती. आमचा देव म्हणजे घोंगड्यात गुंडाळलेला एक दगड. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही, आणि नाव घ्यायचं तर तेही मोठ्यानं नाही. जत तालुक्यातल्या चार-पाच गावांमधली आमची पन्नासेक मेंढकी घरं सोडली तर तो कुणाला ठाऊकही नाही. आम्हाला त्याची कधी लाज वाटली नव्हती. दिराला वाटली, आणि पेन्शनीवर गावी येताना ती लाज तो ट्रंकेत भरून घेऊन आला.

मी एसटीत कंडक्टर. नोकरी साताऱ्याच्या बाजूला, राहायला रहिमतपुरात. सगळा जन्म लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणण्यात गेला, त्यामुळं आवाज आणि स्वभाव दोन्ही चढे आहेत, हे आधीच सांगून ठेवते. दिराची बाजू मी सांगेन. गोडीनं सांगेन असं मात्र नाही.

आमच्या देवाचं जे काय आहे ते एका दुपारी होतं. वर्षातून एकदा, मेंढरं कातरून झाली की 'मूळ' सांगतात. देव कसा आला आणि कुणाकुणाच्या हातातून चालत आला, ती सगळी हकीकत म्हणजे मूळ. देव ज्याच्या घरात असतो तो मानकरी. मेंढरं कोंडायची जाळी असते, वाघर म्हणतात तिला. ती माळावर गोल उभी करायची, आत पुरुष डोक्यावरून घोंगडी घेऊन बसणार आणि मानकरी तोंडपाठ मूळ सांगणार. लिहून ठेवायचं नाही, बाहेरच्यासमोर बोलायचं नाही, आणि बायकांनी ऐकायचं नाही. बायका जाळीबाहेर पाठ करून बसणार. हातात चाती, म्हणजे लोकर कातायची लाकडी फिरकी. मूळ संपेपर्यंत ती फिरती ठेवायची. चाती फिरतेय तोवर बाईच्या कानात काही जात नाही, असा नियम. एकीचीही थांबली तर तिनं ऐकलं, मूळ बाटलं, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

आता जाळीला काय भिंत असते होय? आम्हाला सगळं ऐकू येतं. मेंढरांनासुद्धा येतं. पण पुरुषांनी धरून चालायचं की ह्या बहिऱ्या आहेत, आणि आम्ही धरून चालायचं की त्यांना ते खरं वाटतंय. अळीमिळी गुपचिळी.

आणि मूळ लय भारी आहे. दुसरा मानकरी देवाला खांद्यावर घेऊन कृष्णेपर्यंत चालत गेला आणि पाणी बघून घाबरला, कारण त्यानं जन्मात एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं. तिसऱ्याच्या दारात कुण्या राजाचा कारभारी आला, म्हणाला, देव आमच्या वाड्यात पाहिजे. तिसऱ्यानं वाटेवरचा एक धोंडा घोंगड्यात गुंडाळून दिला. कारभारी तो डोक्यावर घेऊन गेला. अजून कुठंतरी त्याच्यावर अभिषेक चालू असेल. चौथा भांडकुदळ होता, त्याच्यापायी निम्मी घरं कानडी मुलखात गेली, म्हणून पुढची निम्मी नावं कानडी. पाचवा वेडा होता, हे सरळ सांगतात. तरी देव त्याच्याकडं राहिला, कारण त्याच्याइतकी मेंढरं कुणी जपली नाहीत. आमच्या मुळात कुणाला उगाच मोठं केलेलं नाही. मला तेच आवडतं.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्यापासून सुरुवात कशी, पहिला कुठाय? तिथंच तर गोम आहे. पहिल्याच्या जागी मानकरी थांबतो, तांब्यातलं पाणी जमिनीवर सोडतो आणि म्हणतो, "पहिलं आमाला ठावं न्हाई." एक श्वास जातो. मग दुसऱ्या मानकऱ्याची हकीकत सांगायला घेतो. पुरुषांना खरोखरच ठाऊक नाही. त्या एका श्वासात जाळीबाहेर बायका ओठातल्या ओठात एक नाव घेतात. ते आमच्याकडं आहे. सासूनं सुनेला सांगायचं, तेही सासूच्या मनात येईल तेव्हा.

माझ्या सासूच्या मनात आठ वर्षं आलं नाही. सासूला आम्ही आत्ती म्हणतो. दरवर्षी मी शेजारी बसून त्यांचे ओठ हलताना बघायची आणि आतून जळायची. मग माझा नवरा गेला. मानकरी तोच होता. मान ह्याच धाकट्या, फौजी दिराकडं गेला. त्या वर्षी जाळीपाशी दोघी-तिघी कुजबुजल्या की, हिनं आता इथं कशाला बसायचं. आत्तींनी काही ऐकून घेतलं नाही. स्वतःची चाती माझ्या हातात दिली, मला ओढून आपल्या शेजारी बसवलं, आणि मूळ संपल्यावर घरामागच्या हौदाकडं नेऊन मला सगळं सांगितलं.

पहिली मानकरी बाई होती. नवरा मेलेली. दुष्काळात दिरांनी वाटणीची अकरा मेंढरं देऊन तिला तांड्याबाहेर काढली. मेंढरं एका उजाड माळावर एका दगडाभोवती बसली ती उठेनात. तीन दिवस उठेनात. चौथ्या दिवशी तिनं चिडून, देवाबिवाची आठवण न काढता, शिव्या देत हातांनी माती उकरली, आणि दगडाखाली पाणी लागलं. मग तो दगड तिनं आपल्या घोंगड्यात घेतला. म्हणाली, ह्याला छप्पर नको, मी चालंन तिकडं हा चालंल. महिन्याभरानं तेच दीर तहानेनं मरायला टेकून आले. तिनं पाणी दिलं, पण आपल्या ओंजळीनं प्यायला लावलं, एकेकाला, खाली वाकवून. थोरला दीर म्हणजे मुळातला दुसरा मानकरी. त्यानं पुढं आपल्या पोरांना पहिलं नाव सांगितलं नाही. का सांगितलं नाही हे समजायला काही शाळा शिकावी लागत नाही. पण त्याची बायको तिथं होती. तिनं आपल्या सुनेला सांगितलं.

मी विचारलं, पुरुषांना हे कळलं तर? आत्ती म्हणाल्या, कळायला आधी विचारावं लागतं. आजवर एकानं विचारलेलं नाही.

तर दिरानं रस्त्याकडेच्या आपल्या जमिनीत देऊळ बांधायला काढलं. लोकांनी मदत केली, पोरं खूश झाली. आत देव बसवायचा नाही, तो घरीच राहणार, एवढं आत्तींनी कबूल करून घेतलं. पण काळ बदलला म्हणत लिहायचं नाही हा नियम त्यानं मोडला. दर्शनी भिंतीला संगमरवरी पाटी, तिच्यावर सगळे मानकरी ओळीनं, आणि सोबत एक पुस्तिका. पुस्तिका लिहायला साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर गाठले. सभ्य माणूस, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. दिरानं दिलेली नावं त्यांनी शुद्ध करून लिहिली आणि विचारलं, पहिली ओळ मोकळी कशी चालेल? दोघांनी मिळून ती भरली.

दीर छापलेली पुस्तिका दाखवायला मुद्दाम रहिमतपूरला आला. मला बरं वाटलं. चहा ठेवला आणि पहिलं पान उघडलं. पहिल्या मानकऱ्याच्या जागी एक सरदार. घोडा, तलवार, स्वप्नात दृष्टांत, सगळं साग्रसंगीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, भावजी, हा कुठनं आणला? म्हणाला, वैनी, ठावं न्हाई असं संगमरवरावर कोरायचं काय? लोक हसतील. आणि मग मान खाली घालून पलटणीतली गोष्ट सांगितली. पहिला भक्त ठाऊक नाही म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं होतं, म्हणजे तुमचा देव बिनबापाचा. ते हसणं त्याला अजून ऐकू येत होतं. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. पण ज्या बाईला एकदा तांड्याबाहेर काढलं तिला आता दगडावर कोरून दुसऱ्यांदा काढणार, आणि मी त्याला चहा पाजतेय. जिभेवर आलेलं मी कसंबसं गिळलं.

पुढच्या रजेला थेट जत गाठलं. आत्ती अंगणात लोकरीतली कुसळं वेचत होत्या. मी म्हटलं, मूळ सांगायच्या दिवशी मी जाळीत घुसणार आणि तिचं नाव सगळ्यांच्या तोंडावर सांगणार. माझा आवाज बसच्या मागच्या सीटपर्यंत जातो, तिथंही जाईल. आत्तींनी मान वर केली नाही.

"नाव पाटीवर गेलं की तिला देवी करतील," त्या म्हणाल्या. "साडी नेसवतील, कुंकू लावतील, नि मग तिच्याच दारात बायकांना अडवतील. मला त्ये नगं."

मी म्हटलं, मग सरदार बसू दे तिच्या छाताडावर? त्या कुसळं वेचत राहिल्या. मी जेवण न करता निघाले आणि अख्ख्या वाटेत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले. म्हातारी थकली, घाबरली, असं मला वाटलं. माझं चुकलंच.

मूळ सांगायचा दिवस आला. वाघर लागली, पुरुष आत बसले. बाहेर आम्ही चाळीसेक बायका, चात्या हातात. दिराच्या हातात पुस्तिका. आमच्यात पहिल्यांदा कुणीतरी मूळ वाचून सांगत होतं. पाण्याचा तांब्या बाजूलाच राहिला. सरदाराचं नाव त्याच्या तोंडून निघालं आणि आत्तींची चाती खाली पडली.

आत चुळबुळ झाली. म्हातारीचा हात, म्हणाले सगळे. दीर स्वतः उठून बाहेर आला, चाती उचलून आईच्या हातात दिली, हात दुखत असला तर नुसती बस म्हणाला. प्रेमानं म्हणाला. आणि आत जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. सरदार आला. ह्या वेळी आत्तींनी चाती पाडली नाही. हात उंच केला, दोरा ताणला गेला, आणि फिरती चाती मुठीत धरून थांबवली. सगळ्यांना दिसेल अशी.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागलं. चाती थांबवणं म्हणजे, आम्ही ऐकतोय. त्यांच्याच नियमानं. मी माझी थांबवली. माझ्या पलीकडचीनं तिची. मग ओळीनं सगळ्याच थांबल्या, मला जाळीपाशी बसू नको म्हणणाऱ्या दोघी-तिघींच्याही. घोंगड्याखाली सगळे पुरुष गप्प. एवढी शांतता त्या माळावर मी कधी ऐकली नव्हती. छाती अशी भरून आली की मला तिथंच ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची गरजच उरली नव्हती.

आतला एक म्हातारा म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून. दीर उभाच होता. त्याला कळून चुकलं होतं की संध्याकाळपर्यंत सरदार सांगितला तरी संध्याकाळपर्यंत चात्या थांबणार, आणि बाटलेलं मूळ घेऊन देव पुढच्या वर्षात जाणार. आमच्यात हे कुणी सहन करत नाही, फौजीसुद्धा नाही. त्यानं पुस्तिका मिटली. तांब्या उचलला, पाणी सोडलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पहिलं आमाला ठावं न्हाई." चात्या फिरल्या. त्या एका श्वासात मी नाव घेतलं, आणि ओठातल्या ओठात घेतलं असं छातीठोक सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते तेव्हा तो येऊन उंबऱ्यावर बसला. चाती थांबली म्हणजे तुम्ही ऐकता, दरसाल ऐकता, असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. मी व्हय म्हटलं. मग त्यानं विचारलं, "बाई हाय न्हवं, पहिली?"

विचारलं एकानं शेवटी. माझं तोंड, जे कधी मिटत नाही, ते त्या वेळी मिटलेलं राहिलं. आणि त्याला जे कळायचं ते कळलं. चेहरा पडेल असं वाटलं होतं, पण तो एकदम घाईला आला, पोरासारखा. म्हणाला, "वैनी, नाव सांगा. सरदार काढतो, तिला घालतो. सगळ्यात मोठ्या अक्षरात. तिला तिची जागा देतो."

एका महिन्यापूर्वी हेच ऐकायला मी जीव टाकला असता. पण मला संतापच आला, आणि आत्तींचं म्हणणं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.

"भावजी, जागा तिचीच हाय," मी म्हटलं. "तुमी देनारं कोन?"

तो उठला, गोठ्यातून छिन्नी-हातोडा घेतला आणि देवळाकडं गेला. मीही मागोमाग गेले, पहिली गाडी सोडून दिली. कारागिराला बोलावू म्हटलं तर नको म्हणाला. दुपारपर्यंत एकटाच पाटीची पहिली ओळ खरवडत होता, हाताला फोड आले तरी. आत्ती काठी टेकत आल्या आणि समोरच्या दगडावर बसून बघत राहिल्या. त्यांना अक्षर येत नाही. तो थांबून घाम पुसायला लागला तशा म्हणाल्या, "अजून दिसतंय रं. खोल घे."