पुकारात नसलेलं नाव

निपाणी स्टँडवर वडिलांनी, आमच्या आप्पांनी, माझी पिशवी पुण्याच्या गाडीत स्वतः चढवली आणि मागं न बघता ते निघून गेले. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला तुरुंगातून सोडवून आणलं होतं. निपाणी भाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा म्हणून निघालेल्या मराठीच्या मोर्चात मी आणि माझा जिवाभावाचा दोस्त परशा एकत्रच पकडले गेलो. चौथ्या दिवशी आप्पा भेटायला आले. "सही कर आन् भाईर ये. आई जेवंना झालीया." मी माफीनाम्यावर सही केली आणि खटल्यातून माझं नाव निघालं. परशानं सही केली नाही.

तो सतरा दिवसांनी सुटला. आमच्या गावात, बोरगावात, गुलाल, हलगी, मिरवणूक. माझ्या आईनंसुद्धा त्याला ओवाळलं. पुण्यात फोनवर हे ऐकलं आणि माझा जळफळाट झाला. खरं सांगतो, तो अजून होतो. मग मी तुरुंगावर एक कविता लिहिली. पुण्यातल्या मंडळींना ती फार आवडते. "किती दिवस आत होतात?" असं कुणी विचारलं की मी नुसता हसतो आणि ऐकणारे आपापल्या परीनं आकडा वाढवतात. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आज हे एकदा सांगून टाकतो.

गेल्या महिन्यात सुट्टी काढून परशाबरोबर चिकोडीच्या कोर्टात गेलो. इतक्या वर्षांनंतरही त्याच्या तारखा चालूच आहेत. केस अंगावर म्हणून त्याची नोकरी हुकली, दुबईला जायचं राहिलं. ज्यांनी आम्हाला मोर्चात पुढं घातलं, त्या पुढाऱ्यांपैकी कुणी आलं नव्हतं. एकाची मुलं बेंगळुरूला सेटल झालीत म्हणे.

"लई खुळं हुतो रं आपुन," कोर्टाच्या दाराबाहेर बसल्या बसल्या परशा म्हणाला.

तो 'आपुन' म्हणाला खरा, पण त्याचा भ्रमनिरास कमावलेला आणि माझा फुकटातला. मला त्याचाही हेवा वाटला.

एवढ्यात पट्टेवाला दारात आला आणि कानडी हेल काढत आरोपींची नावं पुकारू लागला. आमच्या मोर्चातली एकेक माणसं, आता पिकल्या केसांची, "हाजर" म्हणत उठली. मीही निम्मा उठलो होतो.

परशानं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तू बस. तुझं न्हाय."

पुण्यात माझा टू बीएचके आहे, दारावर ठसठशीत मराठी पाटी आहे. पण माझं गाव त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत कोर्टात आत गेलं, आणि मी बाहेर बाकावर बसून राहिलो.