आमचं गोल चर्च

आमचं चर्च गोल आहे. जुनं पाडून हे सिमेंटचं बांधताना आजोबांच्या पिढीनं एकच हट्ट धरला होता की वेदी मधोमध हवी आणि माणसं तिच्याभोवती. शाळेत वर्गाबाहेर, गावात चावडीबाहेर बसून त्यांचा जन्म गेला होता. देवाच्या घरात तरी कुणी कुणाच्या मागं नको, असं ते म्हणायचे.

परवा कापणीच्या सणाला वस्तीवरची ठकूमावशी बाजरीची पेंढी डोक्यावर घेऊन आली आणि वेदीजवळच्या खुर्चीवर टेकली. कमिटीचे सेक्रेटरी लगबगीनं आले.

"मावशी, ही खुर्ची राखीव आहे. तिकडं भिंतीपाशी बसा."

"बसते की, बाबा," म्हणत मावशी पेंढीसकट उठली. ती इतक्या सवयीनं उठली की माझ्या मस्तकात तिडीक गेली. पोटजात, पगार, बंगला बघून आम्ही खुर्च्यांना पाट्या लावल्या आणि वर प्रवचनात बंधुभाव ऐकतो. गोल इमारतीला मागची बाजू नसते. ती आम्ही शोधून काढली.

सेक्रेटरींनी मला हात केला. मावशीनं रिकाम्या केलेल्या खुर्चीवर आमच्याच आडनावाची पाटी होती.